कण्यातली सुई : सायटिकावरच्या इंजेक्शनचा इतिहास

कमरेत उठून कुल्ल्यातून, मांडीच्या मागच्या बाजूने पोटरीपर्यंत आणि कधी थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरणारी कळ म्हणजे सायटिका. या कळेवर कण्याच्या पोकळीत सुई घालून औषध सोडण्याची पद्धत १९०१ साली पॅरिसमध्ये सुरू झाली. ही कळ मुळात येते कशाने, हे त्या वेळी कोणालाच नीट ठाऊक नव्हते. ते कळायला आणखी तेहतीस वर्षे गेली, आणि इंजेक्शनचा उपयोग नेमका किती होतो हे मोजायला त्याहून कितीतरी जास्त. आधी उपाय, मग आजाराचे कारण आणि सर्वांत शेवटी उपायाची परीक्षा, अशा उलट्या क्रमाने हा इतिहास घडला आहे.

दुखणे मात्र फार जुने. आयुर्वेदाने त्याला गृध्रसी म्हटले आणि चरकसंहितेने त्यावर रक्तमोक्षण, बस्ती आणि डाग देणे हे उपचार सांगितले. युरोपातही डागण्या देणे आणि रक्त काढणे हेच चालत होते, आणि दुखणे खुब्याच्या सांध्याचे आहे अशी समजूत होती. ती मोडली नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या शरीरशास्त्रज्ञाने. १७६४ साली त्याने सायटिकावर एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि सांध्यामुळे दुखणारा पाय व नसेमुळे दुखणारा पाय हे दोन वेगळे आजार आहेत असे ठामपणे मांडले. नसेच्या आवरणात पाणी साचते म्हणून ती दुखते, हा त्याचा तर्क चुकीचा होता. तरीही दोष सांध्यात नसून नसेत आहे, हा निष्कर्ष टिकला.

पुढच्या शंभर वर्षांत निदान सुधारले, उपचार फारसे सुधारले नाहीत. रुग्णाला उताणे झोपवून गुडघा सरळ ठेवत पाय वर उचलला की कळ मारते, ही आजही प्रत्येक दवाखान्यात केली जाणारी तपासणी फ्रान्सच्या शार्ल लासेग यांच्या नावाने ओळखली जाते. प्रत्यक्षात ती त्यांच्या फोर्स्ट या विद्यार्थ्याने १८८१ च्या प्रबंधात मांडली; आणि त्याच्याही आधी, १८८० साली, लाझा लाझारेविच या सर्बियन डॉक्टरांनी तिचे वर्णन केले होते. पाय उचलल्यावर नस ताणली जाते म्हणून दुखते, हे त्यांनी दिलेले कारणही बरोबर होते. पण त्यांचा लेख सर्बियन भाषेत होता. सर्बियाच्या बाहेर लाझारेविच यांचे नाव या तपासणीला क्वचितच जोडले जाते.

औषध नसेजवळ नेऊन सोडावे ही कल्पना डब्लिनमध्ये पुढे आली. १८४४ साली फ्रान्सिस रिंड या शल्यचिकित्सकाने पोकळ सुईसारखे एक उपकरण बनवले आणि त्यातून मॉर्फिनचे द्रावण दुखऱ्या नसेपाशी सोडले. त्याची पहिली रुग्ण चेहऱ्याच्या नसदुखीने बेजार होती, पण लवकरच त्याने सायटिकाच्या रुग्णावरही तोच प्रयोग केला. कातडीखाली टोचण्याच्या इंजेक्शनचा आरंभच असा नसदुखीतून झालेला आहे.

कण्यापर्यंत पोहोचायला मात्र कोकेनची वाट पाहावी लागली. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर होतो हे दाखवले, आणि वर्षभरात न्यूयॉर्कच्या लिओनार्ड कॉर्निंग यांनी आधी एका कुत्र्याच्या आणि मग एका माणसाच्या पाठीत मणक्यांच्या मधोमध कोकेन टोचले. माणसाचे पाय बधिर झाले. सुई नेमकी कुठल्या थरात पोहोचली होती, यावर इतिहासकार अजूनही वाद घालतात. १८९१ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात हाइन्रिख क्विंके यांनी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मेंदू-मज्जाद्रव काढण्याची खात्रीची रीत बसवली. त्याच शहरात ऑगस्ट १८९८ मध्ये ऑगस्ट बीअर यांनी तीच वाट धरून कोकेन आत सोडले आणि रुग्णाला पूर्ण भूल न देता पायाची शस्त्रक्रिया केली. बीअर आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग स्वतःवरही करून पाहिला. दोघांनाही नंतर त्रास झाला आणि बीअर डोकेदुखीने अनेक दिवस अंथरुणाला खिळून राहिले. मज्जारज्जूच्या आवरणाला भोक पडले की आतला द्रव झिरपतो आणि डोके दुखते, हा धडा पुढच्या पिढीला मिळाला. कोकेन मज्जारज्जूच्या इतक्या जवळ सोडणे धोक्याचे आहे, हेही दिसू लागले.

मग आवरण न भेदता औषध नसांपर्यंत पोहोचवता येईल का, हा प्रश्न आला. त्याचे उत्तर कण्याच्या रचनेतच दडलेले होते. मज्जारज्जू आणि त्यातून निघणारी नसांची मुळे एका जाड आवरणाच्या पिशवीत असतात, त्याला ड्युरा म्हणतात. ही पिशवी आणि मणक्यांची हाडे यांच्यामध्ये एक अरुंद फट असते. तीत चरबी असते, बारीक शिरांचे जाळे असते आणि पिशवीतून बाहेर पडून पायाकडे निघालेली नसांची मुळे असतात. या फटीला एपिड्युरल पोकळी म्हणतात. ड्युराची पिशवी खाली त्रिकास्थीच्या मध्याजवळ संपते, फट मात्र त्याच्याही खाली चालू राहते आणि माकडहाडाच्या जरा वर, पातळ पडद्याने झाकलेल्या एका नैसर्गिक छिद्रापाशी थांबते. त्या छिद्रातून सुई घातली तर पिशवीला धक्का न लावता औषध खालून वर चढवता येते.

एप्रिल १९०१ मध्ये पॅरिसमधल्या दोन तरुण डॉक्टरांनी, एकमेकांच्या कामाशी संबंध नसताना, हाच मार्ग मांडला. झाँ-आतानाझ सिकार यांनी २० एप्रिलला तेथील जीवशास्त्र परिषदेपुढे आपले काम ठेवले आणि आठवड्याभराने फेर्नां काथलँ यांनी आपले. दोघेही अजून तिशीच्या आत होते. सिकार मज्जासंस्थेचे डॉक्टर असल्यामुळे त्यांच्या डोळ्यांपुढे असह्य सायटिका आणि कंबरदुखीचे रुग्ण होते. काथलँ मूत्रमार्गाचे शल्यचिकित्सक. बीअर यांच्या पद्धतीला सुरक्षित पर्याय मिळावा आणि या वाटेने शस्त्रक्रियेपुरती भूल देता यावी, हा त्यांचा हेतू. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत त्यांनी पाहिले की किती द्रव सोडला आणि किती वेगाने सोडला यावर तो किती उंच चढतो हे ठरते. भुलीसाठी हा मार्ग त्यांना तेव्हा पुरेसा वाटला नाही. कोकेनचे विरळ द्रावण वेदनेवर मात्र चालले. त्याच वर्षी पास्किए आणि लेरी या आणखी दोन फ्रेंच डॉक्टरांनीही सायटिकावर कोकेनच्या अशा इंजेक्शनचा अनुभव नोंदवला.

कोकेनचे विषारी परिणाम ही मोठी अडचण होती. जर्मनीत आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी बनवलेले नोव्होकेन १९०५ च्या सुमारास वापरात आले आणि ती अडचण बरीच कमी झाली. औषध सौम्य झाल्यामुळे डॉक्टरांचा हात मोकळा झाला आणि इंजेक्शनचे आकारमान वाढू लागले. माँट्रियालच्या नॉर्मन व्हायनर यांनी १९२५ मध्ये हट्टी सायटिकावरच्या उपचाराची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या पद्धतीत नोव्होकेनपाठोपाठ मिठाचे पाणी मोठ्या प्रमाणात सोडले जाई. १९३० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये इव्हान्स यांनी ४० रुग्णांची माहिती दिली. इतके पाणी कशासाठी, याचे उत्तर असे दिले जाई की नसेभोवती चिकटण तयार झालेली असते आणि द्रवाच्या दाबाने ती सुटते. लंडनमध्ये जेम्स सिरिअक्स यांनी माकडहाडाजवळून प्रोकेनचे ५० मिलिलिटरपर्यंतचे इंजेक्शन हजारो रुग्णांना दिले आणि आयुष्यभर त्याचा पुरस्कार केला. प्रोकेन हे नोव्होकेनचेच दुसरे नाव.

कमरेच्या मणक्यांमधून थेट एपिड्युरल पोकळीत शिरण्याची रीत स्पेनच्या फिदेल पाखेस या लष्करी शल्यचिकित्सकाने १९२१ मध्ये तपशिलाने लिहून ठेवली. दोन वर्षांनी मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्या लेखनानंतर दहा वर्षांनी इटलीच्या आकिले दोल्योत्ती यांनी हेच काम नव्याने केले, आणि जगाने ते प्रथम त्यांच्याच नावाने ओळखले. पाखेस यांना श्रेय बऱ्याच उशिरा मिळाले.

सिकार स्वस्थ बसले नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी असे मत मांडले की सायटिकात नसेचा बिघाड पायात नसून कण्यातून बाहेर पडताना, मणक्यांच्या मधल्या हाडांच्या बोगद्यात होतो. ते सत्याच्या अगदी जवळ पोहोचले होते. पुढचा टप्पाही त्यांच्याच दवाखान्यातून निघाला, तो मात्र योगायोगाने. सिकार आणि त्यांचे शिष्य जाक फॉरेस्तिए दुखऱ्या पाठीत लिपिओडॉल नावाचे, खसखशीच्या तेलात आयोडीन मिसळून केलेले औषध टोचत असत. आयोडीनमुळे ते क्ष-किरणांत ठळक दिसते, हे त्यांच्या लक्षात आले. १९२१–२२ पासून वेदनेवरचे हे औषध कण्याच्या आतली पोकळी पाहण्याचे साधन बनले आणि त्यातून मायलोग्राफी ही तपासणी जन्माला आली. या इतिहासातले सर्वांत फलदायी वळण हेच. अडथळा कुठे आहे हे डॉक्टरांना प्रथमच जिवंत माणसात दिसू लागले.

हा अडथळा कशाचा, हे बॉस्टनमध्ये उलगडले. १९३२ च्या अखेरीस मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये बर्फावरच्या खेळात दुखापत झालेल्या एका तरुणाच्या कण्यातून एक गाठ काढण्यात आली. ती कूर्चेची गाठ असावी असा समज होता. अस्थिशल्यचिकित्सक जोसेफ बार यांनी तिची तुलना मणक्यांमधल्या गादीच्या पेशीजालाशी केली आणि ती गाठ नव्हे, फुटून मागे आलेली गादी आहे हे ओळखले. मेंदूशल्यचिकित्सक विल्यम मिक्स्टर आणि बार यांनी रुग्णालयात जपून ठेवलेले जुने नमुने पुन्हा तपासले आणि ऑगस्ट १९३४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आपला निष्कर्ष छापला. दोन मणक्यांच्या मध्ये असलेल्या गादीचे बाहेरचे कडे चिरते, आतला मऊ गर मागे सरकतो आणि नसेच्या मुळाला दाबतो. आपल्याकडे रुग्ण 'गादी सरकली' किंवा 'नस दबली' म्हणतात ते याच शोधाचे लोकांपर्यंत आलेले रूप.

आता उत्तर सापडले असे वाटले, आणि शस्त्रक्रियेची लाट आली. गादी दाबते, तर ती काढावी. इंजेक्शन काही काळ मागे पडले. पण दाबाचे गणित पुरते जुळत नव्हते. गादी मोठी सरकूनही काहींना काहीच दुखत नाही, तर लहानशा फुगवट्याने काहींचा पाय जमिनीवर टेकत नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या नसेच्या मुळांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या लिंडाल आणि रेक्सेड या स्वीडिश संशोधकांना १९५१ मध्ये दाहाची चिन्हे आढळली. नस नुसती दबलेली नसून सुजलेलीही असते. पुढे १९९० च्या दशकात स्वीडनमधल्याच प्रयोगांनी दाखवले की गादीतला गर नसेला नुसता लागला, दाब मुळीच पडला नाही, तरी नस बिघडते.

दाहावर औषध तोपर्यंत आले होते. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले, आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, एडवर्ड केंडल आणि ताडेउश राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सांध्यात टोचायला हायड्रोकॉर्टिसोन जास्त गुणकारी आहे हे १९५१ च्या सुमारास दिसले आणि लगेच कण्याकडे लक्ष गेले. १९५२ मध्ये इटलीत रोबेक्की आणि काप्रा यांनी एका रुग्णाच्या त्रिकास्थीतल्या पहिल्या नसमुळाजवळ हायड्रोकॉर्टिसोन सोडून सायटिका शमल्याचे नोंदवले. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लिएव्र आणि सहकाऱ्यांनी अनेक रुग्णांवरचा अनुभव दिला. १९६१ मध्ये अमेरिकेतून ११३ रुग्णांचा अहवाल आला. सुईची वाट सिकार यांचीच राहिली, तिच्यातले औषध मात्र पूर्ण बदलले. हायड्रोकॉर्टिसोनच्या जागी लवकरच मेथिलप्रेडनिसोलोन आले, जे बारीक कणांच्या रूपात एका जागी दीर्घकाळ टिकून राहते.

सत्तर वर्षे हा उपचार डॉक्टरांच्या अनुभवावर चालला होता. सायटिका बहुधा काही आठवड्यांत आपोआपही ओसरते, त्यामुळे इंजेक्शननंतर बरे वाटले याचा अर्थ इंजेक्शनने बरे वाटले असा होत नाही. हे तपासायला चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करावे लागतात. १९७३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डिल्क आणि सहकाऱ्यांनी १०० रुग्णांचा असा प्रयोग छापला आणि त्यात स्टेरॉइडचा गट सरस ठरला. १९७७ मध्ये स्नूक यांनी ५१ रुग्णांवर तसाच प्रयोग केला आणि त्यांना फरक आढळला नाही. वीस वर्षे मते अशी दुभंगलेली राहिली. १९९७ मध्ये कॅनडाच्या सिमॉन कारेत आणि सहकाऱ्यांनी १५८ रुग्णांचा काटेकोर अभ्यास पुढे आणला. सहा आठवड्यांनी पायाची कळ स्टेरॉइड घेतलेल्यांत कमी होती, तीन महिन्यांनी फरक उरला नाही, आणि वर्षभरात दोन्ही गटांतल्या साधारण चौथाई रुग्णांवर शस्त्रक्रिया करावीच लागली. या उपचाराबद्दल इतके स्पष्ट आणि प्रामाणिक उत्तर त्याआधी कोणी दिले नव्हते. २०२० मध्ये २५ प्रयोगांतल्या २,४७० रुग्णांची माहिती एकत्र करणाऱ्या कॉक्रेन आढाव्यानेही तेच सांगितले: अल्पकाळात पायाच्या वेदनेत शंभरपैकी सरासरी सुमारे पाच गुणांची घट. कण्याची पोकळीच अरुंद झालेल्या ४०० वृद्ध रुग्णांवरच्या २०१४ च्या अमेरिकी प्रयोगात तर नुसती भूल देणारे औषध आणि भुलीसोबत स्टेरॉइड यांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही.

समर्थकांचा एक आक्षेप योग्य होता. जुन्या प्रयोगांत सुई अंदाजाने घातली जाई. १९८० मध्ये व्हाइट आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांखाली पडताळून पाहिले, तेव्हा अंदाजाने घातलेल्या सुयांपैकी सुमारे चौथाई भलत्याच ठिकाणी निघाल्या. टोरोंटोच्या इयन मॅकनॅब यांनी १९७१ मध्येच एका विशिष्ट नसमुळाला गाठून इंजेक्शन देण्याची रीत सांगितली होती. क्ष-किरणांच्या पडद्यावर सुई आणि रंगद्रव्य पाहत, मणक्यांच्या बाजूच्या छिद्रातून औषध सोडण्याची पद्धत पुढे रूढ झाली. औषध अचूक जागी पडू लागले. पण त्याच छिद्रातून मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्याही जातात. २००२ मध्ये हाउटन आणि एरिको यांनी अशा इंजेक्शननंतर लगेच दोन्ही पाय लुळे पडलेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. कणयुक्त स्टेरॉइड धमनीत शिरून ती बंद करते, हे त्याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण आहे. म्हणून अशा जागी कण नसलेले डेक्सामेथासोन वापरण्याकडे कल वळला.

दुसरे संकट औषधाच्या बाटलीतून आले. तयार मेथिलप्रेडनिसोलोनमधली टिकवण रसायने मज्जारज्जूला अपाय करतील या भीतीने अनेक डॉक्टर ती नसलेले औषध मागवू लागले, आणि ते मागणीनुसार औषधे बनवणाऱ्या कारखान्यांतून येई. सप्टेंबर २०१२ मध्ये टेनेसी राज्यातल्या एका डॉक्टरने बुरशीमुळे झालेल्या मेंदुज्वराचा रुग्ण आरोग्य खात्याला कळवला. शोध मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरपर्यंत गेला. तिथल्या तीन खेपांतल्या बाटल्यांत बुरशी होती आणि सुमारे १४,००० लोकांना ते औषध टोचले गेले होते. सरकारी नोंदीनुसार २० राज्यांत ७५३ जण आजारी पडले आणि ६४ जण मरण पावले. सावधगिरी म्हणून निवडलेल्या औषधानेच हा घात केला. कंपनीच्या प्रमुखांना तुरुंगवास झाला आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत अशा औषधनिर्मितीसाठी नवा कायदा झाला. एप्रिल २०१४ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने एपिड्युरल स्टेरॉइडने क्वचित, पण अत्यंत गंभीर मज्जाविकार होऊ शकतात असा इशारा दिला. या मार्गाने स्टेरॉइड देण्यास आपण कधीच मान्यता दिलेली नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट केले.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये दिलेला सल्ला शंभर वर्षांच्या या अनुभवाशी सर्वाधिक जुळतो. नव्या आणि तीव्र सायटिकात भूल व स्टेरॉइड यांच्या एपिड्युरल इंजेक्शनचा विचार करावा, नुसत्या कंबरदुखीसाठी कण्यात इंजेक्शन देऊ नये, आणि कण्याची पोकळी अरुंद झाल्याने चालताना पाय भरून येत असतील तर त्यावरही एपिड्युरल देऊ नये. हे इंजेक्शन सरकलेली गादी जागेवर आणत नाही की मणक्यातली 'गॅप' भरत नाही. शरीर स्वतः गर शोषून घेईपर्यंतचे काही आठवडे ते सुसह्य करते, आणि असह्य कळेने झोप उडालेल्या माणसाला तेवढेही मोलाचे असते. मात्र लघवी अडणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेभोवतीचा भाग बधिर होणे किंवा पाऊल लुळे पडणे यांपैकी काहीही दिसले, तर इंजेक्शनची वाट पाहत बसू नये. अशा रुग्णाला त्याच दिवशी कण्याच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.